ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरवर फॉस्फेट लागलं की तो चालू होतो, असंच समजायचं का?

तुम्ही लिहिलंय की ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरबद्दल, म्हणजे डीएनएवर बसून जनुकं चालू-बंद करणाऱ्या प्रथिनाबद्दल, एमएस्सीच्या नोट्समध्ये सगळीकडे एकच बाण दिसतो: किनेज (प्रथिनांवर फॉस्फेट लावणारं एन्झाइम) आलं, फॉस्फेट लागलं, प्रथिन ‘ॲक्टिव्ह’ झालं. गर्भाच्या वाढीतही हाच नियम आहे का आणि माणसाशी त्याचा काय संबंध, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर: नाही. मी काही वर्षं फळमाशीच्या पंखावर काम केलं. हा समज माझाही होता, आणि तो ज्या प्रथिनाने मोडला त्याच्याबद्दलच लिहितो.

त्याचं नाव क्युबिटस इंटरप्टस. आम्ही त्याला सीआय म्हणायचो. हे जनुक बिघडलं की माशीच्या पंखावरची एक शीर मध्येच तुटते, त्यावरून हे नाव पडलं. अख्खं सीआय १५५ किलोडाल्टनचं असतं (डाल्टन हे रेणूंच्या वजनाचं एकक), आणि एका फॉस्फेटने त्यात भर पडते ती जेमतेम ८० डाल्टनची, म्हणजे साधारण दोन हजारावा भाग. एवढ्याशा गोष्टीवर पंखाचा आकार अवलंबून असतो, हे मला अजूनही थक्क करतं.

होतं ते असं. पेशीला बाहेरून हेजहॉगचा, म्हणजे दुसऱ्या पेशींनी सोडलेल्या एका प्रथिनाचा, निरोप मिळत नसेल, तर पीकेए नावाचं किनेज सीआयच्या ठरावीक सिरीनांवर (सिरीन हे एक अमिनो आम्ल) फॉस्फेट लावतं. ती लागली की शेजारच्या जागा आणखी दोन किनेजांसाठी तयार होतात, सीके-१ आणि जीएसके-३. फॉस्फेटांचा असा झुबका झाला की स्लिंब नावाचं प्रथिन तो ओळखतं आणि सीआयवर युबिक्विटिन, म्हणजे ‘हे मोडायचं’ अशी खूण करणारं छोटं प्रथिन, चढवलं जातं. युबिक्विटिन चढलेलं प्रथिन प्रोटिअसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं मोडणाऱ्या यंत्रात, जातं आणि तिथे त्याचा चुरा होतो, हे आपण शिकतोच. ही यंत्रणा उलगडणाऱ्या तिघांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण सीआयचा पूर्ण चुरा होत नाही. प्रोटिअसोम शेपटीकडचा भाग खातं आणि अर्ध्यावर थांबतं, कारण मधला, डीएनएला धरणारा झिंक फिंगरचा भाग इतका घट्ट घडी घातलेला असतो की तो सहज उलगडत नाही. मागे उरतो ७५ किलोडाल्टनचा तुकडा.

खरी गंमत या तुकड्यात आहे. डीएनएला धरणारा भाग त्याच्यात शाबूत असतो, पण जनुक चालू करायला लागणारा भाग गेलेला असतो. म्हणजे तो पूर्वीच्याच जागी जाऊन बसतो, पण आता जनुक चालू करण्याऐवजी बंद ठेवतो. प्रथिन एकच, जागा तीच, काम मात्र नेमकं उलटं. हेजहॉगचा निरोप आला की फॉस्फेट लागणं थांबतं, कापणं थांबतं आणि अख्खं सीआय जनुकं चालू करू लागतं. सीआय असं कापलं जातं हे १९९७ साली दाखवलं गेलं. त्याआधी, १९९५ मध्येच, पंखाच्या पुढच्या भागातल्या काही पेशींतून पीकेए काढून टाकलं तर तिथे जादा पंख फुटू लागतो, हे लोकांनी पाहिलं होतं.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पंचवीस अंशांवर ठेवलेल्या बाटलीत पाचव्या दिवसाच्या सुमारास अळ्या काचेवर चढू लागतात. त्यातली एक उचलायची आणि चिमट्याने मोजा उलटा करावा तशी उलटी करायची. आत श्वासनलिकेला चिकटलेली पंखाची चकती, म्हणजे जिच्यातून पुढे पंख बनतो तो पेशींचा थर, सापडते, तांदळाच्या कणीहूनही लहान. अख्ख्या सीआयलाच चिकटणारी एक अँटिबॉडी आहे. ती लावून मायक्रोस्कोपखाली पाहिलं की चकतीच्या मधोमध एक उजळ पट्टा दिसतो. मागच्या अर्ध्या भागात सीआय बनतच नाही, तिथे काळोख. पुढच्या भागात दूरवर सीआय बनतं पण कापलं जातं, म्हणून तिथे अगदी मंद. आणि मागून झिरपणारं हेजहॉग जिथवर पोचतं तेवढ्याच मोजक्या पेशींत सीआय अख्खं टिकतं. पहिल्यांदा तो पट्टा दिसला तेव्हा मी बराच वेळ नुसता बघत बसलो होतो.

आता तुमच्या बाणाकडे येतो. त्याच पट्ट्यात सीआय जी जनुकं चालू करतं त्यातलं एक डीपीपी. डीपीपीचं प्रथिन बाहेर पसरतं आणि आसपासच्या पेशींत मॅड नावाच्या दुसऱ्या ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरवर फॉस्फेट लागतं. इथे मात्र तुमच्या नोट्स बरोबर आहेत: फॉस्फेट लागलं की मॅड केंद्रकात जातं आणि कामाला लागतं. एकाच चकतीत, तेच फॉस्फेट, एकासाठी ‘चल’ आणि दुसऱ्यासाठी ‘काप’. आणखी पुढे जाऊन सांगतो, तोच स्लिंब विंगलेस या दुसऱ्या निरोपाच्या साखळीतल्या आर्माडिलो नावाच्या प्रथिनालाही ओळखतो, आणि आर्माडिलोचा मात्र पूर्ण चुरा होतो. फॉस्फेटला स्वतःचा अर्थ नसतो. ते वाचणारं कोण आहे, यावर सगळं ठरतं.

दुसरा प्रश्न माणसाचा. सीआयचं माणसातलं भावंड ग्ली-३, आणि तेही असंच कापलं जातं. गर्भात हाताचा कोंब फुटतो तेव्हा सॉनिक हेजहॉग, म्हणजे माशीच्या हेजहॉगचं आपल्यातलं भावंड, करंगळीच्या बाजूने येतं, म्हणून ग्ली-३ चा कापलेला तुकडा अंगठ्याच्या बाजूला जास्त असतो. सॉनिक हेजहॉग नसलेल्या उंदराच्या मागच्या पायाला एकच बोट येतं. पण २००२ साली ग्ली-३ सुद्धा काढून पाहिलं, तर बोटं परत आली, पाचाहून जास्त, फक्त सगळी एकसारखी! म्हणजे पंज्यात सॉनिक हेजहॉगचं मोठं काम म्हणजे ते कापणं थांबवणं.

माणसात ग्ली-३ ची एक प्रत निकामी झाली तर ग्रेग सिंड्रोम होतो: जादा किंवा जुळलेली बोटं, रुंद कपाळ, डोळ्यांत जास्त अंतर. पण जनुकाच्या मधल्या भागात बदल होऊन प्रथिन तिथेच तुटलं, तर कापलेल्या तुकड्यासारखाच तुकडा थेट तयार होतो आणि हेजहॉगला तो थांबवता येत नाही. त्यातून पॅलिस्टर-हॉल नावाचा वेगळाच आजार होतो, त्यात जादा बोटांबरोबर मेंदूत हायपोथॅलॅमसपाशी गाठ असते. प्रत्येक सहावं बोट या जनुकामुळे नसतं, हे मुद्दाम सांगतो. आणि आपल्याकडे असं मूल झालं की ‘ग्रहणात काय कापलंस’ असं आईला अजूनही विचारतात. कापायचं की नाही हे त्या पेशींच्या आत ठरतं, पोट अजून दिसायलाही लागलेलं नसतं तेव्हा.