कॅनडियन गायिका शनाया ट्वेनचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ घेतला तर तिचं सगळं महत्त्वाचं ऐकून होईल का? आणि सुरुवात कुठून करू?

सगळं होणार नाही, पण पहिली ओळख करून घ्यायला 2004 चा हा संग्रह उत्तम आहे. फक्त पहिल्या गाण्यापासून ऐकू नका. 17 व्या गाण्यापासून सुरू करून उलटे 1 पर्यंत या.

कारण सांगतो. यात 21 ट्रॅक आहेत. पहिली 17 जुनी गाणी जवळजवळ उलट्या काळक्रमाने लावली आहेत: 1 ते 3 ‘अप!’ (2002) मधली, 4 ते 11 ‘कम ऑन ओव्हर’ (1997) मधली आणि 12 ते 17 ‘द वुमन इन मी’ (1995) मधली. उलटं ऐकलं की कंट्रीपासून (अमेरिकेच्या ग्रामीण लोकसंगीतातून आलेली शैली) पॉपकडे झालेला प्रवास कानाला स्पष्ट कळतो. 17 वं ‘हूज बेड हॅव युअर बूट्स बीन अंडर?’ आणि 16 वं ‘एनी मॅन ऑफ माइन’ यांत फिडल (कंट्रीतलं व्हायोलिन) आणि तारांवर धातूची पट्टी सरकवून वाजवतात ती स्टील गिटार अगदी पुढे आहेत. 14 व्या ‘आय'म आउटा हिअर!’मध्ये ड्रम आणि गिटार रॉकसारखे आदळायला लागतात. 5 व्या ‘मॅन! आय फील लाइक अ वुमन!’पर्यंत आलात की ते गाणं सरळ पॉपच्या मैदानात उभं असतं.

हे सगळं एकाच निर्मात्याचं काम आहे. रॉबर्ट जॉन ‘मट’ लँग, त्या काळातला तिचा नवरा. एसी/डीसी आणि डेफ लेपर्ड या रॉक बँडचे गाजलेले अल्बम त्यानेच घडवले होते. एकावर एक चढवलेले कोरस आणि पहिल्या ऐकण्यात डोक्यात बसणारी ओळ ही त्याची खूण. बहुतेक गाणी दोघांनी मिळून लिहिलेली. 13 वं ‘यू विन माय लव’ मात्र एकट्या लँगचं.

शेवटच्या चारांत एक गोम आहे. 18 आणि 20 हे दोन्ही ‘पार्टी फॉर टू’च आहेत. 18 वर बिली करिंग्टनसोबतची कंट्री आवृत्ती, 20 वर शुगर रे बँडच्या मार्क मॅग्राथसोबतची पॉप. प्लेलिस्ट बनवताना एकच ठेवा. माझं मत करिंग्टनच्या बाजूने. 19 वं ‘डोन्ट!’ आणि 21 वं ‘आय एन्ट नो क्विटर’ ही त्या वेळची नवी गाणी.

आता काय सुटलंय ते. सीडीवर सुमारे 80 मिनिटंच मावतात, म्हणून कात्री लागली. युरोपात गाजलेलं ‘का-चिंग!’ नाही, ‘यू'व्ह गॉट अ वे’ नाही. ही दोन मूळ अल्बमांतून जोडून घ्या, त्यांच्याशिवाय चित्र अपुरं राहतं. 1993 च्या पहिल्या अल्बममधलं एकही गाणं नाही, पण त्याची फार हळहळ नको: त्यातल्या एकाच गाण्याच्या लेखनात तिचा हात होता आणि निर्माताही लँग नव्हता.

गाणी शोधताना घोळ होतो तो आवृत्त्यांचा. ‘फ्रॉम धिस मोमेंट ऑन’ अल्बमवर ब्रायन व्हाइटसोबतचं युगुलगीत आहे, पॉप आवृत्तीत ती एकटी गाते. ट्रॅकवर त्याचं नाव आहे का ते बघा. ‘अप!’ तर तीन रंगांत निघाला. हिरवी डिस्क कंट्रीची, लाल पॉपची आणि निळी भारतीय वाद्यांची, बर्मिंगहॅमच्या सायमन आणि डायमंड दुग्गल या भावांनी घडवलेली. फिडल, बँजो ऐकू आले तर हिरवी, कीबोर्ड आणि जाड गिटार असेल तर लाल. निळी आपल्या कानांना विशेष मजा देईल, पण या संग्रहातून ती भेटत नाही, ‘अप!’ वेगळा मिळवावा लागेल, आणि तोही उत्तर अमेरिकेबाहेरचा, लाल-निळ्या जोडीचा. अमेरिकेत हिरवी-लाल जोडी विकली गेली.

यानंतरचा तिचा स्टुडिओ अल्बम ‘नाउ’ थेट 2017 मध्ये आला, लँगशिवाय, आणि दरम्यानच्या आजारपणाने आवाजही बदललेला. तो या प्लेलिस्टमध्ये मिसळू नका, वेगळा ऐका.