आजीचं नाक, नातीचा बायोडेटा

नाकावरून माणसाचा स्वभाव कळतो का, हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे बहुतेक वेळा लग्नाच्या बोलणीतून येतो. तुळशीचं लग्न झालं की बेळगाव, खानापूर, निपाणी भागात स्थळं बघणं सुरू होतं आणि एखादी आई मुलीला घेऊन माझ्यासमोर येऊन बसते. उत्तर आधीच देऊन टाकते: नाही, कळत नाही. पण एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, कारण त्या प्रश्नामागे घरातली अनेक वर्षांची बोलणी साठलेली असतात. म्हणून एक अनुभव सांगते. त्या घराची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी तेवीस वर्षांची. गाव खानापूरकडचं, घरची भातशेती. बी.कॉम. करून ती शहरातल्या एका पतसंस्थेत हिशेबाचं काम बघायची. बोलणं कमी आणि बोलताना हात सारखा नाकाशी. आईनेच विषय काढला.

"मॅडम, दोन स्थळं परत गेली. दुसऱ्या वेळी मध्यस्थाकडून निरोप आला, मुलगी चांगली हाय, पण नाक बघून वाटतंय हेकट असेल, पोराला धाकात ठेवेल. आता तुमीच सांगा की ओ, ऑपरेशन करून नाक सरळ केलं तर ह्यो शिक्का पुसतोय का?"

मुलीने मोबाईल पुढे केला. आत्याने पाठवलेला तक्ता होता. सरळ नाकाची माणसं शिस्तीची, बसक्या नाकाची आनंदी पण धरसोड करणारी, रुंद नाकाची मोठ्या मनाची पण तापट, बाकदार नाकाची हट्टी आणि हुकूम गाजवणारी. शेवटच्या ओळीभोवती आत्याने लाल गोल काढला होता.

मुलीचं नाक खरंच बाकदार होतं, राघूच्या चोचीच्या वळणाचं. ते आलं होतं आजीकडून. लहानपणापासून तिने काही मागितलं, कशाला नाही म्हटलं, की घरात एकच वाक्य यायचं: "आजीचं नाक घेतलंस, आता आजीचा तोरा पण घे."

पहिल्या भेटीत मी नाकाबद्दल फार बोलले नाही. दिवसातून किती वेळ आरशात जातो, बाहेर जाणं टाळतेस का, श्वास घ्यायला त्रास होतो का, एवढं विचारून घेतलं. हे विचारावंच लागतं. काही जणांना दिसण्यातला बारीकसा किंवा इतरांना दिसतही नसलेला दोष दिवसाचे तासन् तास छळतो. तो स्वतंत्र मानसिक आजार आहे, बहुधा किशोरवयात सुरू होतो आणि नाक हा त्यातला फार नेहमीचा विषय. अशा माणसाला शस्त्रक्रियेने सहसा समाधान मिळत नाही. एका गोष्टीवरची काळजी दुसरीवर जाऊन बसते. त्याला मानसोपचारतज्ज्ञाचे उपचार लागतात, विचार आणि वर्तनावर काम करणारी उपचारपद्धती आणि गरज पडल्यास औषधं, आणि त्यांचा चांगला उपयोग होतो. या मुलीचं तसं नव्हतं. तिला आपलं नाक आवडत नव्हतं असंही नाही. तिला भीती होती ती त्या नाकावरून वाचल्या जाणाऱ्या स्वभावाची.

ती भीती कुठवर गेली होती ते दुसऱ्या भेटीत कळलं. पतसंस्थेत पिग्मीची, म्हणजे एजंटांनी लोकांकडून गोळा केलेल्या छोट्या बचतीची, रोजची वसुली येते. एका एजंटाच्या चिठ्ठीतली रक्कम आणि खातेवहीतली रक्कम जुळत नव्हती. तिच्या ते लक्षात आलं होतं. एकदा तिने विचारलं, एजंट म्हणाला, "बघू नंतर." ती पुन्हा बोलली नाही. पुढे भाजी विकणाऱ्या एक वयस्क बाई पासबुक घेऊन आल्या, आपले पैसे कमी का दिसतात म्हणून, आणि सगळ्यांसमोर रडल्या. "मला माहीत होतं," ती मला म्हणाली, "पण दुसऱ्यांदा विचारलं असतं तर म्हणाले असते, बघा, नाकाप्रमाणंच वागती."

मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त खटकतं ते हे. पोरगी खऱ्याच्या बाजूने होती आणि तरी गप्प बसली, कारण बोलणं म्हणजे तक्ता खरा ठरवणं, असं तिच्या मनात घट्ट बसलं होतं.

मग मी तिला एक काम दिलं. घरातली, शेजारची, ऑफिसातली माणसं वहीत लिहायची. एका रकान्यात नाक, दुसऱ्यात त्या माणसाने खरोखर काय केलं, कधी रागावलं, कधी माघार घेतली. स्वभावाची विशेषणं लिहायची नाहीत, घडलेलं लिहायचं. ती वही घेऊन आली तेव्हा पहिल्यांदा मोकळं बोलली. आत्याचं नाक अगदी चाफेकळी, आणि त्या घरात शब्द त्यांचाच चालतो. वडिलांचं नाक आजीसारखंच बाकदार, पण बांधावरच्या भांडणात नेहमी तेच मागे सरतात. वडिलांना मात्र कुणी कधी नाकावरून बोललं नव्हतं. हे तिचं तिनेच टिपलं होतं.

आजीबद्दल तिने आईला विचारून लिहिलं होतं. आजोबा गेले तेव्हा दिरांनी जमीन आपल्या नावावर करायचं ठरवलं होतं. आजीला कन्नड वाचता येत नव्हतं. ती तलाठ्याकडे, मग खानापूरला कचेरीत हेलपाटे घालत राहिली, दर वेळी कुणाकडून तरी कागद वाचून घेतला आणि उताऱ्यावर नाव लावून घेतलं. आज घरी जे भात पिकतं ते त्या जमिनीत. "ह्याला तोरा म्हणत होते," मुलगी म्हणाली. आई काही बोलली नाही, पण तिने ती वही मागून घेतली आणि तेवढं पान पुन्हा वाचलं.

तक्त्याबद्दलही बोलणं झालं, कारण 'शास्त्रात सांगितलंय' हा आईचा आधार होता. आपल्या सामुद्रिकात, म्हणजे अंगावरच्या लक्षणांवरून भविष्य सांगणाऱ्या शास्त्रात, पोपटाच्या चोचीसारखं नाक सुखाचं लक्षण मानलेलं आहे, हे मी सांगितलं तेव्हा त्या चकित झाल्या. तेच नाक, एकीकडे भाग्य आणि दुसरीकडे हेका. युरोपात अठराव्या शतकात लाव्हाटर नावाच्या स्विस पाद्रीने चेहऱ्यावरून स्वभाव ओळखायचं वेड लोकप्रिय केलं. त्याचा एक अनुयायी म्हणजे बीगल या जहाजाचा कॅप्टन फिट्झरॉय. १८३१ मध्ये जहाजावर तरुण चार्ल्स डार्विनला घ्यायचं की नाही, यावर तो घुटमळला, कारण अशा नाकाच्या माणसाला सफरीसाठी लागणारी उमेद आणि निश्चय असेल का, अशी त्याला शंका होती. अखेर त्याने डार्विनला नेलं. ती सफर पाच वर्षं चालली आणि त्यातूनच पुढे उत्क्रांतीचा विचार उभा राहिला. डार्विनने हा किस्सा स्वतःच लिहून ठेवला आहे.

आपल्याकडे तर याहून वाईट घडलं. १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख हर्बर्ट रिस्ले नाकाची रुंदी आणि उंची मोजून त्यावरून जातींची उतरंड लावायचा. नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असा त्याचा दावा. पुढे १९४८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नाकाच्या मापांचेच आकडे पुढे ठेवून ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे नाहीत, असा युक्तिवाद केला. स्थळ बघताना कुणी नाकावर बोट ठेवतं तेव्हा मला हे आठवतं, आणि म्हणून मी तो विषय हसून सोडून देत नाही.

नाक असं का असतं, याचं उत्तर साधं आहे. वरचा भाग हाडाचा, खालचा कूर्चेचा, आणि आकार मुख्यतः आईबापांकडून आलेल्या जनुकांनी ठरतो. २०१६ मधल्या एका अभ्यासात नाकाच्या घडणीशी निगडित काही जनुकं ओळखता आली. २०१७ च्या दुसऱ्या अभ्यासात नाकपुड्यांच्या रुंदीचा संबंध पूर्वजांच्या प्रदेशातल्या उष्णतेशी आणि दमटपणाशी दिसला. आत जाणारी हवा गरम आणि ओलसर करणं हे नाकाचं काम. चेहरा बघून मनात मत उमटायला सेकंदाचा दहावा भागही पुरतो, आणि अनेकांचं मत सारखंच उमटतं, म्हणून ते खरं वाटतं. सारखं उमटलं म्हणून बरोबर ठरत नाही.

आणखी एक गोष्ट मी त्यांना तिथल्या तिथे करून दाखवली. स्थळांना पाठवलेले फोटो मुलीने स्वतः हात लांब करून काढलेले होते. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी गणित मांडून दाखवलं आहे की बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे तीस टक्के रुंद दिसतं. मुलीला भिंतीशी उभं केलं, आईला पाच फूट मागे नेलं आणि फोटो काढायला सांगितला. दोन्ही फोटो शेजारी ठेवल्यावर आई म्हणाली, "अगं बाई, हे तर वेगळंच दिसतंय."

ऑपरेशनबद्दल मी कुणाला सरसकट नाही म्हणत नाही. श्वासाला अडथळा असेल, मार लागून नाक वाकलं असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावं. सज्ञान माणसाला स्वतःसाठी, नीट समजून आकार बदलावासा वाटला तर तो त्याचा निर्णय. पण मध्यस्थाच्या निरोपावरून मुलीला शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपवू नये, हे मी आईला स्पष्ट सांगितलं. आणि कुणाच्या घरी दिसण्यावरून जेवण, झोप, बाहेर जाणं बंद होत असेल तर वाट बघत बसू नये. १४४१६ हा सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा विनामूल्य क्रमांक आहे.

पुढच्या भेटींत आमचं काम नाकाचं उरलं नाही. ठामपणे पण न चिडता कसं विचारायचं, याचा सराव आम्ही केला. पिग्मीच्या हिशेबाबद्दल तिने मॅनेजरांना लेखी कळवलं. चूक निघाली, त्या बाईंच्या खात्यात पैसे जमा झाले. एजंट काही दिवस तिच्याशी बोलत नव्हता. तिला त्याचा त्रास झाला, पण तिने तो सोसला.

शेवटच्या भेटीला ती बायोडेटा घेऊन आली. आधीच्यात 'स्वभाव: शांत, मनमिळाऊ' अशी ओळ होती. ती तिने काढून टाकली होती. त्या जागी शिक्षण, काम, पगार आणि 'लग्नानंतरही नोकरी सुरू ठेवणार' असं लिहिलं होतं.

"असं लिवलं तर स्थळं कमी येतील की ओ मॅडम," आई म्हणाली.

"येऊ देत कमी," मुलगी म्हणाली. "येतील ती वाचून तरी येतील."

यावर दोघींचं अजून एकमत झालेलं नाही. बायोडेटा मात्र तसाच गेला.