वाचकांचे प्रश्न : सायंगीत, त्याची चाल आणि दोन पाद्री

प्रश्न : गेल्या महिन्यात एका स्नेह्यांच्या अंत्यविधीसाठी मुंबईतील एका चर्चमध्ये गेलो होतो. तेथे ‘द डे दाउ गेव्हेस्ट, लॉर्ड, इज एन्डेड’ हे इंग्रजी गीत म्हटले गेले. शब्दांत मृत्यूचा उल्लेख कोठे आढळला नाही आणि चाल तर पाय ठेका धरतील अशी. हे मूळचे अंत्यविधीचे गीत आहे काय? शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, की चाल ऑपेरावाल्या सलिव्हनची आहे. ते खरे काय?

उत्तर : आपल्या कानांनी दोन्ही गोष्टी अचूक टिपल्या आहेत. हे अंत्यविधीचे गीत नव्हे, ते संध्याकाळच्या उपासनेचे आहे. आणि त्याहूनही नेमके सांगायचे तर ते मिशनरी सभांसाठी लिहिले गेले. १८७० साली अशा सभांकरिता निघालेल्या एका उपासनाविधीच्या पुस्तिकेसाठी रेव्ह. जॉन एलर्टन (१८२६–१८९३) यांनी ते रचले, आणि पुढच्याच वर्षी ‘चर्च हिम्स’ या संग्रहासाठी, ज्याच्या संपादकांत ते स्वतः होते, त्यावर पुन्हा हात फिरवला. पहिली ओळ मात्र त्यांची नाही; ती त्यांनी एका जुन्या अनामिक गीतातून उचलली होती.

एलर्टन त्या वेळी चेशर परगण्यातील क्रू ग्रीन या पॅरिशचे पाळक होते. शेजारचे क्रू हे रेल्वेच्या कारखान्यांचे गाव. तेथील कामगारांसाठी चालणाऱ्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटचे ते उपाध्यक्षही होते. घड्याळ आणि वेळापत्रकावर चालणाऱ्या गावाशेजारी राहणाऱ्या या माणसाने आपले गीत फिरत्या पृथ्वीवर बेतले, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. गीताचा आशय असा, की येथे दिवस संपला असला तरी पृथ्वी उजेडाकडे वळतच असते. एकेका खंडावर आणि बेटावर पहाट उतरत जाते, त्यामुळे प्रार्थनेचा आवाज जगात कधीच थांबत नाही. चौथ्या कडव्यात तर, आम्हांला विश्रांती घ्यायला सांगणारा सूर्य पश्चिमेकडील बांधवांना जागे करीत आहे, असे म्हटले आहे. हिशेब करून पाहावा : इंग्लंडात संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा मुंबईत रात्रीचे साडेअकरा झालेले असतात, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जेमतेम दुपार असते, आणि उजाडत असते ते थेट फिजी-न्यूझीलंडच्या बाजूला. म्हणजे ‘पश्चिम’ शब्दशः घ्यायची तर ती पार पॅसिफिकपर्यंत ताणावी लागते. कवीला एवढी सूट द्यायला हरकत नाही.

या गीताचे शेवटचे कडवे मला सर्वांत धाडसी वाटते. जगातील गर्विष्ठ साम्राज्ये लयाला जातील, पण देवाचे सिंहासन तसे जाणार नाही, असे त्यात आहे. आणि १८९७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या हीरक महोत्सवी उपासनेसाठी, हेच गीत निवडले गेले. बरोबर शंभर वर्षांनी हाँगकाँगवरील ब्रिटिश सत्ता संपली, त्या निरोपाच्या सोहळ्यातही त्याचेच सूर वाजले. एलर्टन यांनी आपल्या गीतांचे हक्क कधी नोंदवून ठेवले नाहीत, त्यामुळे ज्याला छापावेसे वाटले त्याला ते छापता आले, आणि हळूहळू ‘संपलेला दिवस’ हा संपलेल्या आयुष्याचा अर्थ घेऊन अंत्यविधीतही आला.

आता चालीकडे वळू. इंग्रजी गीतसंग्रहांत चालीला शब्दांपेक्षा वेगळे, स्वतःचे नाव असते. या चालीचे नाव ‘सेंट क्लेमंट’. ती रेव्ह. क्लेमंट स्कोलफील्ड (१८३९–१९०४) यांच्या नावावर आहे, तेव्हा स्वतःच्या नावामागे ‘संत’ जोडण्याची गंमत लक्षात यावी. ते पुढे ईटन कॉलेजचे चॅप्लेन झाले. चाल तीन मात्रांच्या आवर्तनात, आपल्या दादऱ्याच्या जवळपास झुलते. पेटीवर वाजवून पाहिल्यास तिचे मर्म लगेच कळेल : सुरुवातीचा खालचा पंचम सुटताच सूर थेट मध्य सप्तकातील गंधारावर झेपावतो. त्या झेपेमुळेच गीत एकदा ऐकले की डोक्यातून जात नाही आणि त्या झेपेमुळेच ते जाणकारांना खटकले. १९०६ च्या ‘इंग्लिश हिम्नल’ने या शब्दांना सोळाव्या शतकातील एक गंभीर फ्रेंच चाल दिली आणि ‘सेंट क्लेमंट’ला परिशिष्टात बसवले. मंडळीने मात्र संपादकांचे ऐकले नाही.

राहता राहिले सलिव्हन. ही चाल प्रथम १८७४ साली ‘चर्च हिम्स विथ ट्यून्स’मध्ये छापली गेली. त्या संग्रहाचे संगीत-संपादक आर्थर सलिव्हनच होते, शिवाय लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागातील ज्या सेंट पीटर्स चर्चमध्ये स्कोलफील्ड सहायक पाद्री होते तेथे सलिव्हन ऑर्गन वाजवीत. स्कोलफील्ड यांच्या इतर चाली आज कोणी गात नाही, यावरून काही अभ्यासकांना या एका चालीत सलिव्हन यांचा हात असावा असे वाटते. तर्क आकर्षक आहे, परंतु एखाद्या माणसाला आयुष्यात एकच उत्तम चाल सुचू नये असा काही नियम नाही. तेव्हा आपल्या शेजारच्या गृहस्थांना ‘संपादन सलिव्हनचे, चाल स्कोलफील्डची’ एवढेच सांगावे.