कयाकसाठी लँडिंग नेट: दांडा आखूड, रिंग मोठी

भावा, तू बेळगावकडच्या हिडकल डॅमच्या बॅकवॉटरला कयाक (वल्ह्यानं चालवायची अरुंद लहान होडी) घालणार, मरळ आणि कटला मासे मारणार, आणि त्यासाठी पाच फुटी दांड्याचं फोल्डिंग लँडिंग नेट, म्हणजे गळाला लागलेला मासा पाण्यातनं उचलायची जाळी, कार्टमध्ये टाकून ठेवलायस, घेऊ का म्हणून विचारूलालास. नको घेऊ. ते नेट बांधावर उभारून मासे धरणाऱ्यांसाठी आहे. सिट-ऑन-टॉप, म्हणजे आत न शिरता वरच बसायच्या कयाकवर आपण पाण्यापासून जेमतेम वीतभर वर बसलेलो असतोय, हात खाली सोडला की पाणी लागतंय, मग पाच फुटी दांडा करायचाय काय? उलट लांब दांड्याच्या टोकाला चार किलोचा कटला आला की एका हातानं तो उचलतच नाही, आपण त्या बाजूला कलतो आणि कयाकपण कलतंय.

एका हातात रॉड (गळाची काठी) असणार, म्हणजे नेटला एकच हात उरतो, सगळा हिशोब इथनं करायचा. दांडा दीड-दोन फुटाचा, वजनाला हलका, ॲल्युमिनियमचा, ओल्या हातातनं निसटणार नाही अशी ग्रिप. रिंग मात्र मोठी बघ, १८ ते २० इंच तरी रुंद, कारण कटला अंगानं रुंद असतोय आणि मरळ लांब, लहान रिंगच्या कडेला धडकला की उसळी मारून हुक काढून जातोय.

जाळी रबराची किंवा रबर कोटिंगची, आणि यात पैसे वाचवू नकोस. साध्या गाठीच्या नायलॉन जाळीत ट्रेबल हुक (तीन टोकांचा गळ) असा गुंततोय की मासा एकीकडे तडफडतोय आणि तू पक्कड घेऊन दोरे कापत बसतोस, तेही मांडीवर हुक लावलेलं ल्युअर (नकली आमिष) नाचत असताना. शिंगाळा माशाचे काटे तर करवतीसारखे, नायलॉनमध्ये अडकले की सोडवता नाकी नऊ येतात. सोडून देणार असशील तर गाठीची जाळी माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडून काढते आणि मग त्याला बुरशी लागू शकते, म्हणून नेट आणि हात आधी पाण्यात भिजवून घ्यायचे. पूर्ण रबराची जाळी जड असतेय, कोटिंगवाली हलकी, कयाकला मला कोटिंगवालीच बरी वाटते.

आता खरी गंमत शेवटच्या मिनिटाला असतेय. मासा दमल्याशिवाय नेट पाण्यात घालायचं नाही, नेट बघितलं की मरळ बोटीखाली घुसतो. रॉडच्या लांबीएवढी लाइन बाहेर ठेव, सगळी गुंडाळून मासा रॉडच्या टोकाखाली आणलास तर रॉड मोडायची वेळ येते. रॉडवाला हात मागं आणि वर, नेट मांडीच्या बाजूला पाण्यात बुडवून गप धरायचं, आणि मासा डोक्याकडनं नेटवर ओढून आणायचा, नेट घेऊन त्याच्या मागं पळायचं नाही. शेपटीकडनं घातलं की तो पुढंच पळणार. आत आला की दांड्यानं उचलू नकोस, जोड वाकतोय, रिंगची कड धरून मांडीवर घे. आणि हे सगळं करताना आपलं डोकं कयाकच्या काठाबाहेर जाऊ द्यायचं नाही, डोकं बाहेर गेलं की मागोमाग आपणपण.

बुडणार नाही असं नेट घे, दांड्यात फोम नसेल तर बाहेरनं फोमचा पाइप चढव. लीश, म्हणजे नेट बांधायची दोरी, आखूड लाव आणि कयाकला बांध, मनगटाला नाही, उलटलास तर त्यातच गुंतशील. ठेवायचं सीटच्या मागं, जाळी आत दुमडून, बाहेर लोंबत ठेवलंस की पाणी उतरल्यावर उघडी पडलेली झुडपं हमखास ओढून धरतात.

परवान्याचं मत्स्य खात्यात विचारून घे, डॅमचा मासेमारीचा ठेका दिलेला असला तर तेपण बघावं लागतंय. राकसकोप डॅमचं पाणी बेळगावला प्यायला जातंय, तिकडं न विचारता कयाक घालायचा विचारच नको. लाइफ जॅकेटचं तू काहीच लिहिलं नाहीस, ते नेटच्या आधी घे, बाकी सामान नंतर.

आणि एवढं सांगून फोल्डिंगचंच घ्यायचं असेल तर ऑनलाइन मागवू नकोस, दुकानात जाऊन एक हात खिशात घालून दुसऱ्या हातानं उघडून बघ. एका झटक्यात उघडून लॉक झालं नाही तर तिथंच ठेवून ये.