गुडघा ठणकतो, तेव्हा ध्यान मोडते का?

प्रश्न : निवृत्तीनंतर मी बौद्ध साहित्य नेमाने वाचते आणि वाचलेले मनाला पटते, परंतु 'वाचून काही होत नाही, अनुभव घ्यावा लागतो' असे अभ्यासवर्गात ऐकल्यापासून रोज पहाटे ध्यानाला बसू लागले आहे. थोड्याच वेळात गुडघा ठणकू लागतो आणि मन भरकटते. प्रत्यक्ष अनुभव म्हणतात तो हाच का, की आणखी काही घडायला हवे?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : ज्याला आपण अडथळा समजता, तोच या अभ्यासाचा विषय आहे. सतिपट्ठान सुत्ताची, म्हणजे जाणीव जागी ठेवण्याविषयीच्या बुद्धांच्या उपदेशाची, सुरुवात कायेपासून होते. श्वास, चालणे, उभे राहणे, बसणे, निजणे, हातपाय आखडणे-पसरणे, जेवणे, इतकेच काय, मलमूत्रविसर्जनसुद्धा तेथे जाणीव ठेवून करावयाच्या गोष्टींत सांगितले आहे. डोळ्यांपुढे प्रकाश दिसावा, अंग हलके व्हावे, अशी अट तेथे नाही. तसे काही जाणवलेच तरी त्याच्या मागे लागू नये, असे मी आग्रहाने सांगेन. ते पुन्हा यावे अशी ओढ लागली, की चालू श्वासाकडे दुर्लक्ष होते.

गुडघ्याचेच घ्या. संयुत्त निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहातील सल्ल (बाण) सुत्तात म्हटले आहे, की एक बाण लागलेल्याला लगोलग दुसराही लागावा, तसा धम्म न ऐकलेला माणूस शरीराचे दुःख भोगतोच, वर शोक करून मनाचेही ओढवून घेतो. कळ उठली, की ती नेमकी कोठे आहे ते पाहावे : वाटीखाली की मागच्या बाजूस, टोचते की जळजळते, एकसारखी आहे की थांबून थांबून येते. असे पाहत राहिले, की ठणका निराळा आणि 'हे आता सोसवत नाही' हा त्रागा निराळा, हे कोणी न सांगता कळते. प्रत्यक्ष अनुभव तो हाच. सांध्याचे जुने दुखणे असेल, तर मात्र मांडीचा हट्ट नको. डॉक्टरांना दाखवावे, खुर्चीवर बसावे किंवा अंगणात सावकाश चालावे. ते सतिपट्ठान सुत्ताला धरूनच आहे.

मन भरकटते त्यावर पाली टीकाकार बुद्धघोषांनी पाचव्या शतकात विसुद्धिमग्ग या साधनेवरील ग्रंथात उपाय दिला आहे : श्वास मोजावेत, पाचाच्या आत थांबू नये आणि दहाच्या पुढे जाऊ नये. या ग्रंथाच्या संपादनाचे काम हार्वर्डला जाऊन केले ते आपल्या गोव्यातील साखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी. 1899 मध्ये घर सोडलेल्या या माणसाने 1902 मध्ये श्रीलंकेत प्रव्रज्या (बौद्ध संघातील दीक्षा) घेतली, पाली शिकून घेतली, ब्रह्मदेशात ध्यानाचा अभ्यास केला आणि मराठी वाचकांसाठी 'समाधिमार्ग' लिहिला. त्यामुळे वाचन व्यर्थ असते, हे मत मला मान्य नाही. बैठक संपल्यावर सतिपट्ठान सुत्तातील कायेचा तो भाग पुन्हा वाचावा. आधी नुसत्या पटलेल्या ओळी आता ओळखीच्या निघतील. पुढे दहा दिवसांचे विपश्यना शिबिर करावेसे वाटले, तर गुडघ्याची तक्रार अर्जातच स्पष्ट लिहावी.