आभासी ऑफिस बनवलंय, पण तिथे कोणी थांबतच नाही. वास्तुरचनेच्या दृष्टीने काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: साताऱ्यातलं १२ जणांचं डिझाइन ऑफिस, निम्मे लोक कराड-सांगलीहून घरी बसून काम करणारे, आणि वर्कॲडव्हेंचरवर (छोट्या पात्रांच्या रूपात नकाशावर फिरून एकमेकांशी बोलायचं आभासी ऑफिस) तुमच्या पोवई नाक्याजवळच्या ऑफिसचा हुबेहूब नकाशा. हुबेहूब काढलात, तिथेच गोची झाली.

खऱ्या इमारतीत पॅसेज, जिना, दार हे सगळं माणसाच्या अंगाच्या मापावरून ठरतं. इथे मापं वेगळी: स्क्रीनवर किती दिसतं, किती अंतरावर आवाज जुळतो आणि बाणाची कळ किती वेळ दाबून धरावी लागते. नकाशा चौकोनी टाईलचा बनतो, एक टाईल ३२ पिक्सेलची. १३६६ × ७६८ च्या लॅपटॉपवर दुप्पट झूमला आडव्या जेमतेम २१ टाईल दिसतात, आणि ब्राउझरच्या पट्ट्या वजा केल्या की उभ्या दहाएक. तेव्हा १२ माणसांना ४० × २० टाईलचा नकाशा पुष्कळ झाला. मोठा केला की माणसं हजर असूनही दिसत नाहीत, आणि कोणी दिसलं नाही की आलेला माणूस टॅब बंद करून मोकळा होतो.

रचना घ्यायचीच तर वाड्याची घ्या. दिंडी, देवडी, चौक, ओसरी, माजघर, या क्रमात परक्याला कुठवर यायचं ते न सांगता कळतं. त्यातली देवडी, म्हणजे दारातून आत आल्यावरची थांबायची जागा, सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच लोक गाळतात. माणूस नकाशात कुठे उतरणार ते ठरवणाऱ्या 'स्टार्ट' लेयरवर (थरावर) एकच टाईल रंगवलेली असते, म्हणून सकाळी दहाला सगळे एकमेकांच्या डोक्यावर उतरतात आणि नको असताना व्हिडिओ सुरू होतो. तिथे आठएक टाईल रंगवा आणि तो सगळा भाग 'सायलेंट' करा, म्हणजे तिथे कोणाशी आपोआप संभाषण जुळणार नाही. आत कोण आहे ते चौकाकडे बघून कळावं, मग उंबरा ओलांडायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं.

अंतराचं गणित नीट समजून घ्या. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांच्या मांडणीत जवळच्या माणसांमधलं अंतर साधारण ४५ सेंटिमीटर ते १.२ मीटर. इथे तेच काम ६४ पिक्सेल, म्हणजे दोन टाईल करतात. त्याहून जवळ गेलं की बुडबुडा तयार होतो, म्हणजे त्या माणसांचा आवाज-व्हिडिओ आपोआप जोडला जातो. खऱ्या ऑफिससारखी टेबलं शेजारी-शेजारी लावलीत तर शेजारच्याशी दिवसभर माइक जोडलेला राहणार. दोन खुर्च्यांमध्ये चार टाईल सोडा, नाहीतर बसायच्या जागा सायलेंट करा. पॅसेजचंही तसंच: बसलेल्या माणसापासून तो तीन टाईल लांब हवा, नाहीतर जाणारा-येणारा प्रत्येक जण गप्पांत ओढला जातो.

बुडबुड्यात मुळात चौघंच मावतात. चौघं थेट जोडलेले असले की प्रत्येकाला आपला व्हिडिओ तिघांना पाठवावा लागतो, आणि घरगुती इंटरनेटचा अपलोड तिथेच दमतो. आकडा स्वतःच्या सर्व्हरवर वाढवता येतो, पण वाढवू नका. पाचवा बाहेर ताटकळू नये म्हणून चौकाला लागून ओसरी द्या आणि तिथे जित्सीची (व्हिडिओ मीटिंगच्या सॉफ्टवेअरची) खोली जोडा. माजघर, म्हणजे मीटिंगची खोली, स्पेस बार दाबल्यावरच सुरू होईल असं ठेवा. नुसतं डोकावलं म्हणून कॅमेरा चालू झाला तर माणूस पुन्हा तिकडे फिरकत नाही. दार दोन टाईलचं ठेवा. एका टाईलच्या दारात बाणाच्या कळा नेमक्या जुळत नाहीत, माणूस चौकटीला धडकत राहतो.

खुणांबद्दल एक गंमत. नगररचनाकार केविन लिंच यांनी १९६० मध्ये शहर ओळखण्याचे जे पाच घटक सांगितले, त्यांत 'लँडमार्क' आहे, आणि साताऱ्यात अजिंक्यतारा दिसला की दिशा कळते. वरून दिसणाऱ्या नकाशात मात्र अजिंक्यतारा चालत नाही, कारण स्क्रीनच्या बाहेरचं काही दिसतच नाही. तिथे खूण पायाखाली हवी: चौकाला शहाबादी, ओसरीला लाकूड, माजघराला लाल फरशी. मागची भिंत सजवण्यात वेळ घालवू नका.

आता टाईल्डमधल्या (नकाशा काढायच्या सॉफ्टवेअरमधल्या) नेहमीच्या चुका. ऑब्जेक्ट लेयरचं नाव 'फ्लोअरलेयर' असंच हवं, इंग्रजीत एकच शब्द, त्यातला 'लेयर'चा 'एल' तेवढा मोठा. माणूस याच लेयरवर चालतो. फरशी आणि उंबरा त्याच्या खाली, दाराची वरची पट्टी त्याच्या वर. सगळी भिंतच वर टाकलीत तर माणूस भिंतीत गडप होतो. भिंतीच्या टाईलला 'कोलाइड्स' हा गुणधर्म लावला नाही तर तो आरपार जातो. टाईलसेट, म्हणजे टाईलच्या चित्रांचा संच, नकाशाच्या फाइलमध्येच एम्बेड करा, नाहीतर नकाशा उघडणारच नाही.

टीमला लिंक देण्याआधी दोन ब्राउझरमध्ये दोन वेगळ्या नावांनी शिरा. एकाला खुर्चीत बसवा, दुसऱ्याला देवडीतून माजघरापर्यंत चालवा. वाटेत एकदाही बुडबुडा झाला, तर ते टेबल हलवा.