जुनी जलप्रलयकथा आणि ख्रिस्ती श्रद्धा

प्रश्न : नोहाच्या जलप्रलयासारखी कथा बायबलहून जुन्या बाबिलोनी साहित्यात आढळते, असे वाचले. मग ख्रिस्ती श्रद्धेचा पायाच उसना ठरत नाही का?

उत्तर : साम्य खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. प्राचीन अश्शूरी नगरी निनवे येथून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आलेल्या मातीच्या पाट्या वाचताना जॉर्ज स्मिथ यांना १८७२ मध्ये गिल्गमेश या बाबिलोनी महाकाव्यातील ही कथा सापडली; तिच्यातही नौका डोंगरावर टेकते, पाणी ओसरले का हे पाहण्यासाठी पक्षी सोडले जातात आणि शेवटी अर्पणाचा सुवास देवांपर्यंत पोहोचतो. इतके तपशील योगायोगाने जुळत नाहीत. मात्र बाबिलोनी कथेत देव त्या अर्पणाभोवती माश्यांसारखे गोळा होतात, तर बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात एकच देव माणसाच्या दुष्टाईचा न्याय करतो आणि पुढे सर्व प्राणिमात्रांशी करार करतो. परंपरा ओळखीची असली, तरी तिच्यातून सांगितलेला देव निराळा आहे.

उत्पत्तीचा प्रत्येक शब्द इतिहास म्हणून वाचणाऱ्याला हे साम्य अडचणीत टाकते, हे मान्य केले पाहिजे. परंतु ख्रिस्ती श्रद्धेचा पाया जलप्रलय नव्हे, तर ख्रिस्ताचे पुनरुत्थान आहे : ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर विश्वास व्यर्थ आहे, असे प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात म्हटले आहे. पुनरुत्थानही उसनेच आहे, असे दाखवण्यासाठी येथे ओसायरिस या प्राचीन इजिप्ती देवाचे उदाहरण (बरेचदा घाईने) दिले जाते. पण मारला गेल्यावर तो मृतांच्या लोकाचा राजा होतो, जिवंतांत परतत नाही. पुनरुत्थानाचा दावा पहिल्या शतकातील साक्षींवरूनच तपासावा लागेल.